एका वचनावर आठवडाभर बसायचं कसं

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, भगिनी मंडळात एक नवी सून येते. एकदा सभा संपल्यावर चहाचे कप गोळा करताना ती हळूच म्हणाली, "ताई, मी रोज शास्त्र वाचते हो. पण पुस्तक मिटलं की काय वाचलं ते आठवत नाही. मन रमतच नाही." शास्त्र म्हणजे आमचं पवित्र शास्त्र, बायबल. बाकीच्या बायका निघायच्या घाईत होत्या. मी तिला एवढंच सांगितलं की थोडं वाच आणि मोठ्याने वाच. घरी आल्यावर वाटलं, एवढ्या मोठ्या प्रश्नाला हे उत्तर फार तोकडं झालं. म्हणून आता नीट, सविस्तर लिहिते आहे.

मी पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू, नाही, धर्मज्ञानाचं शिक्षणही घेतलेलं नाही. नगर जिल्ह्यात एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते चौथीच्या मुलांना शिकवलं. मननाबद्दल मला जे कळलं, त्यातलं बरंचसं त्या वर्गात कळलं आणि उरलेलं एका दवाखान्याच्या बाकावर.

त्या मुलीने 'रमत नाही' हा शब्द अगदी बरोबर वापरला. शास्त्रातल्या स्तोत्रसंहिता या पुस्तकाच्या पहिल्या स्तोत्रात तोच आहे. धन्य पुरुष कोण, तर जो परमेश्वराच्या नियमशास्त्रात रमतो आणि रात्रंदिवस त्याचं मनन करतो. आता हा शब्द आपण घरी कुठे वापरतो ते पाहा. लग्न होऊन महिना झाला की आई मुलीला फोनवर विचारते, "रमलीस का गं?" जूनमध्ये पहिलीत घातलेल्या पोराची आई शाळेच्या दारात मला विचारायची, "बाई, रमला का?" एकतीस जून पाहिले मी. पहिल्या दिवशी रमलेलं मूल क्वचितच पाहिलं. डोळे दाराकडे, दप्तर छातीशी धरलेलं, शेजारच्याशी बोलणं नाही. तरी ते रोज येतं, त्याच बसकरपट्टीवर, त्याच जागी बसतं, आणि आषाढ सरता सरता एके दिवशी घंटा झाली तरी उठत नाही. कुठल्या दिवशी रमलं हे त्यालाही सांगता येत नाही आणि मलाही.

म्हणून पहिली गोष्ट ही, की मन रमेल तेव्हा बसेन असं म्हणू नका. आधी बसायचं. रमणं मागून येतं.

खुणा करण्याचा माझा काळ

आधी माझं काय चुकत होतं ते सांगते, कारण पुष्कळ जणींचं तेच चुकतं असं मला दिसतं. शास्त्रात ६६ पुस्तकं आणि ११८९ अध्याय आहेत. रोज तीन-चार वाचले की वर्षात पूर्ण होतं. मी तसा तक्ता करून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला होता. वाचला अध्याय की बरोबरची खूण. सलग तीन वर्षं मी असं केलं. त्याचा फायदा झाला नाही असं मी म्हणणार नाही. कोण कुठल्या पुस्तकात आहे, अब्राहाम कुठे आणि आमोस कुठे, हे त्यामुळेच पक्कं झालं. अधूनमधून सगळं शास्त्र असं वाचलंच पाहिजे. पण ते वाचन होतं. मुलांना पाढे वाचायला लावले तर पाढे येतात का? पाढे म्हणावे लागतात.

चौथ्या वर्षी माझ्या यजमानांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. रात्रभर मी दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर एकटी होते. पर्समध्ये छोटं शास्त्र होतं, पण चष्मा घरी राहिला होता. आठवायला गेले तर तीन वर्षांत तीनदा वाचलेल्या ११८९ अध्यायांतलं एक वाक्य धड आठवेना. तुकडे येत होते, विरत होते. मग आठवलं ते आजीचं. माझी आजी नेवासे तालुक्यातल्या खेड्यात राहायची. तिला अक्षर वाचता येत नव्हतं. तिने ऐकून ऐकून तेविसावं स्तोत्र पाठ केलं होतं. पहाटे जात्यावर बसली की जोंधळ्याच्या प्रत्येक मुठीला एक ओळ, पुन्हा तीच ओळ, पुन्हा तीच. मी गोधडीत पडून ऐकायची. त्या रात्री बाकावर मला आजीच्याच आवाजात सहाच्या सहा वचनं, म्हणजे श्लोक, आली. चाळीस वर्षांपूर्वी ऐकलेली.

तक्ता मी नंतर काढून टाकला नाही, पण मननाची वेळ त्याच्यापासून वेगळी केली.

मनन तोंडाने होतं

आपल्याला वाटतं मनन म्हणजे डोळे मिटून गप्प बसणं. 'मन' हा शब्द त्यात आहे म्हणून तसं वाटत असेल. पण स्तोत्रकर्त्याने जो हिब्रू शब्द वापरला आहे, 'हागा', त्याचा अर्थ पुटपुटणं, गुणगुणणं, घशातल्या घशात आवाज करणं असा आहे. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, एकतिसाव्या अध्यायात सिंह शिकारीवर उभा राहून गुरगुरतो, तिथे हेच क्रियापद आहे. अडतिसाव्यात हिज्कीया राजा आजारात पारव्यासारखा कण्हतो, तिथेही हेच. इस्राएल लोकांचा पुढारी यहोशवा, त्याला देवाने सांगितलं की हा ग्रंथ तुझ्या मुखातून जाऊ नये, रात्रंदिवस त्याचं मनन कर. मुखातून, असं म्हटलं आहे. जात्यावर बसलेली माझी आजी जे करत होती ते शब्दशः हेच होतं.

आणि गंमत नव्हे, गांभीर्याने सांगते, हेच क्रियापद लगेच पुढच्या, दुसऱ्या स्तोत्राच्या पहिल्या वचनातही आहे. तिथे राष्ट्रं देवाविरुद्ध व्यर्थ बेत पुटपुटतात. पहिल्या स्तोत्रातला माणूस पुटपुटतो, दुसऱ्यातलेही पुटपुटतात. तोंड कुणाचंच रिकामं नाही. हे मला कळलं तेव्हा मी भांडी घासत होते आणि जमिनीच्या वाटणीवरून जाऊबाई मला जे बोलल्या होत्या, ते मनातल्या मनात, शब्दन् शब्द, त्यांच्याच सुरात म्हणत होते. वर्ष झालं होतं त्या बोलण्याला. वर्षभर रोज सकाळ-संध्याकाळ मी त्याचं मनन केलं होतं. पाठ करायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा आता प्रत्यक्ष कसं करायचं ते.

किती घ्यायचं, कुठून घ्यायचं

एका आठवड्याला एक वचन. फार तर दोन. सुरुवात स्तोत्रसंहितेतून करा, कारण ती मुळातच म्हणण्यासाठी आहे. माझा सल्ला तेविसाव्यापासूनच सुरू करण्याचा आहे. ते सगळ्यांना येतं, म्हणूनच. येतं असं वाटणाऱ्या गोष्टीत काय काय आहे हे पाहिलं की न येणाऱ्या गोष्टींकडे जायला धीर येतो. त्यानंतर १२१, मग १३१. ते तीनच वचनांचं आहे आणि त्यात आईजवळ शांत झालेलं, दूध तुटलेलं मूल आहे. एकशे एकोणिसाव्याला हात लगेच घालू नका. १७६ वचनं आहेत. पण त्याची रचना माहीत असू द्या: आठ-आठ वचनांची बावीस कडवी, हिब्रूच्या प्रत्येक अक्षराला एक. पाठ करणाऱ्याच्या सोयीसाठीच जणू बांधलेलं आहे. दोन-तीन वर्षांनी घ्या, आठ वचनांचं एक कडवं महिनाभर.

निवडलेलं वचन आधी त्याच्या जागी पाहा. पूर्ण अध्याय एकदा वाचा: कोण बोलतंय, कुणाशी, कुठल्या वेळी. हे टाळू नका. आपल्या घरात वचनांच्या चिठ्ठ्यांचा डबा असतो, नवीन वर्षाच्या उपासनेत वर्षाचं वचन म्हणून कार्ड मिळतं. मीही घेते आणि आनंदाने घेते. पण चिठ्ठी काढून खिशात ठेवणं हे मनन नव्हे. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन घ्या, देवाच्या मनात आपल्याविषयी हिताचे संकल्प आहेत, हे. किती घरांच्या भिंतीवर आहे! ते बाबेलला, परक्या देशात, धरून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे. त्याच पत्रात वर सांगितलंय की तिथेच घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात नेलं त्याच्यासाठी प्रार्थना करा. आणि परत आणीन ते सत्तर वर्षांनी. म्हणजे ते पत्र ऐकणाऱ्या चाळिशीतल्या बाईला कळलं असणार की परतीचा दिवस आपण पाहणार नाही. तरीही हिताचे संकल्प. हे कळल्यावर ते वचन लहान झालं नाही माझ्यासाठी. नातवंडांच्या वाट्याला येणाऱ्या चांगल्यासाठी आज बाग लावायची, असं ते वचन आता मला सांगतं. भिंतीवरच्या चौकटीत ते मला कधीच ऐकू आलं नव्हतं.

सकाळची वीस मिनिटं

माझी वेळ पहाटे पाचची. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी साडेचारला उठते, एवढाच फरक. स्वयंपाकघरात खिडकीपाशी एक लोखंडी खुर्ची आहे. तीच जागा, रोज. मोबाइल पुढच्या खोलीत. मोबाइलवर शास्त्र सोयीचं पडतं हे खरं आहे, बसमध्ये मीही ऐकते. पण सकाळी त्यावर वचन उघडलं की वरून कुणाचा तरी 'शुभ सकाळ' खाली उतरतो आणि मी तिकडे जाते. मोठ्या टाइपाचं छापील शास्त्र घ्या. तुमची वेळ पहाटेचीच हवी असं नाही. कंपनीत रात्रपाळी करणारी एक बहीण पाळी संपवून आल्यावर अंघोळीनंतर बसते. वेळ कुठलीही, पण रोज तीच असावी.

आधी दोन मिनिटं नुसतं बसा. एक वाक्य प्रार्थना करा. स्तोत्रकर्त्याचीच आहे, माझे डोळे उघड. मग वचन मोठ्याने वाचा. कुजबुज नको, शेजारच्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या आवाजात. तीनदा.

मग प्रत्येक वेळी वेगळ्या शब्दावर जोर द्या. हे मी वर्गात कवितेला करायची.

*परमेश्वर* माझा मेंढपाळ आहे. माझं निवृत्तिवेतन, माझा मुलगा, माझी तब्येत यांपैकी कुणी माझा मेंढपाळ नाही. पहिल्या दिवशी मी इथेच थांबले, कारण कुणाकुणाला मी त्या जागी बसवलंय याची यादी लांबत गेली.

परमेश्वर *माझा* मेंढपाळ आहे. हे स्तोत्र म्हणणारा दावीद राजा होता. इस्राएलाचा मेंढपाळ असं तो म्हणू शकला असता. 'माझा' म्हणाला.

परमेश्वर माझा *मेंढपाळ* आहे. इथे मी तीन दिवस होते.

परमेश्वर माझा मेंढपाळ *आहे*. होता नाही, होईल नाही. दवाखान्याच्या बाकावर मला हाच शब्द लागला.

असं चार-पाच दिवस करून झालं की वचन आपोआप पाठ होतं. पाठ करायला वेगळं बसावं लागत नाही.

एका शब्दाच्या मागे जा

आता मेंढपाळ या शब्दावर मी तीन दिवस काय करत होते ते सांगते, कारण मननाचा गाभा इथे आहे. एखादा शब्द अडला, की तो आपल्या अंगणातला होईपर्यंत सोडायचा नाही.

मेंढपाळ करतो काय, हे पुढच्या, दुसऱ्या वचनात आहे, 'तो मला हिरव्यागार कुरणांत बसवतो.' बसवतो. मी हे हजारदा म्हटलं असेल. त्या आठवड्यात पहिल्यांदा 'बसवतो' कानाला लागलं, कारण आमच्या गावाकडे हा शब्द मेंढ्यांसाठी रोजच्या बोलण्यातला आहे. पीक निघालं की शेतकरी धनगरांना बोलावतात आणि रानात मेंढ्या बसवतात. रात्रभर कळप त्या रानात बसतो, लेंड्या-मुताचं खत पडतं, बदल्यात धनगराला धान्य किंवा पैसे. 'यंदा किती रात्री मेंढ्या बसवल्या?' असं माझे वडील विचारायचे. मी हा शब्द घरात ऐकत वाढले आणि स्तोत्रात वाचत वाढले, पण दोन्ही एकत्र कधी आले नव्हते.

त्याच सुमारास माहेरी गेले होते. भावाच्या रानात धनगरांचा वाडा, म्हणजे तळ, उतरला होता: घोडी, कोंबड्या, जाळी लावून आत मेंढ्या. धनगराच्या घरातल्या आजी तीन दगडांच्या चुलीवर भाकरी करत होत्या. मी त्यांना विचारलं, "आजी, मेंढरं बसवता कशी? मारून?" त्या म्हणाल्या, "मारून कुठं बसत्यात बाई? पोट भरलं न् भ्या गेलं की आपली आपण बसत्यात. कुत्रं जरी दिसलं तरी उभीच ऱ्हात्यात रातभर." मग त्यांनी भाकरी उलटली आणि कळपाकडे बोट दाखवलं. बहुतेक मेंढ्या बसल्या होत्या आणि सगळ्यांचे जबडे हलत होते. रवंथ चालला होता.

मी तिथेच बांधावर बसून राहिले. मेंढी चालताना भराभर खाते, मिळेल ते तोडते. त्यातलं अंगी लागतं ते नंतर, बसल्यावर, पोटातलं परत तोंडात आणून चावल्यावर. माझं तीन वर्षांचं वाचन म्हणजे चालता चालता तोडलेला चारा होता. आणि मला बसवायला तो होता. मारून नव्हे, पोट भरून आणि भीती घालवून. मी बसत नव्हते, कारण मला भीती होती: तक्ता मागे पडेल, देव नाराज होईल, बाकीच्या बायका माझ्यापुढे जातील.

तुमच्या अंगणात मेंढ्या नसतील. पण शब्द असेल. मासे धरणाऱ्या घरातली बहीण जाळं टाकण्याच्या गोष्टीत जे पाहील ते मला दिसणार नाही. शेती असलेल्यांनी पेरणाऱ्याचा दाखला घ्यावा. शिवणकाम करणाऱ्या एकीने मला जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचं ठिगळ का लावत नाहीत ते समजावलं. कोरं कापड धुतल्यावर आटतं आणि शिवण फाडतं, हे मी तिच्याकडून शिकले. विचारा. वचनाचा शब्द घेऊन ज्याला त्यातलं कळतं त्याच्याकडे जा. तोही मननाचाच भाग आहे.

दोन भाषांतरं शेजारी ठेवण्याचाही उपयोग होतो. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं शास्त्र साध्या मराठीत आणलं. केडगावला, म्हणजे दौंडकडच्या, आमच्या नगरजवळच्या नव्हे. संस्कृत पंडितांच्या सभा जिंकलेली ती बाई, शेवटची कित्येक वर्षं साध्या बाईला कळावं म्हणून एकेक शब्द शोधत बसली. १९२२ मध्ये त्या गेल्या, तोवर हे काम त्यांच्या हाताखाली चालू होतं. मी मननाबद्दल काही शिकवायला लागले की मला त्यांचं चित्र डोळ्यांपुढे येतं, कारण भाषांतर करणाऱ्याइतकं एका वाक्यावर कुणी बसत नसेल.

दिवसभर

सकाळ संपली की वचन सोबत न्यायचं. मी शंभर पानी दुरेघी वहीत ते हाताने लिहिते, तारखेसह. हाताने लिहिताना वगळलेला शब्द सापडतो. 'आपल्या नामासाठी मला नीतिमार्गांनी चालवतो' यातलं 'आपल्या नामासाठी' मी आयुष्यभर म्हणताना गाळत होते, ते लिहिताना कळलं. एक चिठ्ठी पिठाच्या डब्यावर चिकटवते. कणीक मळताना म्हणायचं. बसची वाट पाहताना म्हणायचं.

आणि गायचं. आपल्या मराठी मंडळ्यांना हे कुणी शिकवायला नको. नारायण वामन टिळक नगरात राहिले, त्यांनी ख्रिस्ताची भजनं अभंगाच्या वळणाने लिहिली, आणि आजही टाळ-मृदंगावर आपण ती म्हणतो. आपल्या लोकांचं मनन गळ्यातून होतं. तुम्ही निवडलेलं वचन कुठल्याही येणाऱ्या ओवीच्या चालीत घालून पाहा. शब्द थोडे मागेपुढे होतील, होऊ द्या. माझं १२१वं स्तोत्र आजीच्या जात्याच्या चालीवर आहे.

भांडी घासताना जाऊबाईंचं बोलणं पुन्हा यायचं. ते यायला लागलं की मी वचन मोठ्याने सुरू करायची. पहिल्या आठवड्यात दोन्ही एकाच वेळी चालायचं, वचन तोंडात आणि ते बोलणं मागे. एक तोंड दोन गोष्टी फार वेळ म्हणू शकत नाही, एवढं मी अनुभवाने सांगते.

'तो' चा 'तू' होतो

मननातून प्रार्थना कशी होते, हे तेविसाव्या स्तोत्रानेच शिकवलं. नीट पाहा. पहिल्या तीन वचनांत दावीद देवाबद्दल बोलतो: तो बसवतो, तो नेतो, तो चालवतो. चौथ्या वचनात मृत्युच्छायेची दरी येते, आणि तिथे एकदम, 'कारण तू माझ्याबरोबर आहेस.' कुरणात 'तो', दरीत 'तू'. त्या रात्री बाकावर मी हे स्तोत्र किती वेळा म्हटलं माहीत नाही. पहाटे तीन-साडेतीनला या जागी येऊन आवाज फुटेना. शेजारी एक मुसलमान आजोबा तसबीह, म्हणजे जपमाळ, ओढत होते, त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पाण्याची बाटली पुढे केली. मला त्या क्षणी देवाबद्दल काही माहिती नको होती. तो तिथे होता.

म्हणून रोज शेवटची पाच मिनिटं वचन 'तू' करून देवालाच म्हणा. तू माझा मेंढपाळ आहेस. तू मला बसवतोस, मला आज बसवत नाही, मला बसव. पाठ केलेली, ठरावीक प्रार्थना जिथे संपते तिथून ही सुरू होते. शब्द कमी पडले तर पुन्हा वचनच म्हणा.

वचन काही मागतं

पाचव्या वचनात आहे, 'तू माझ्या शत्रूंच्या देखत माझ्यापुढे ताट वाढतोस.' खरं सांगते, त्या वर्षी मला हे वचन फार आवडायचं. जाऊबाई पाहत आहेत आणि देव मला वाढतो आहे, असं चित्र मी रंगवायची. सहाव्या दिवशी चित्रातलं ताट पाहताना प्रभू भोजनाची आठवण झाली. तिथे वाढणारा येशू आपल्याला धरून देणाऱ्या यहूदालाही घेऊन पंक्तीला बसला होता. त्यानंतर माझ्या चित्रात जाऊबाईंना दाराशी उभं ठेवणं मला जमेना.

यहोशवाला मनन कर म्हणून सांगितलं, त्याचं कारणही त्याच वचनात आहे: त्यात लिहिलेलं पाळावं म्हणून. आठवड्याच्या शेवटी मी वहीत एकच प्रश्न लिहिते, हे वचन माझ्याकडून काय मागतं? उत्तर लहान आणि करता येण्याजोगं हवं. 'सगळ्यांवर प्रीती करीन' असं लिहू नये. मी लिहिलं होतं, 'नाताळाचा फराळ घेऊन जाणे.' करंज्या, चकल्या, थोडे शंकरपाळे घेऊन गेले. त्यांनी डबा घेतला, चहा विचारला. जमिनीचा विषय निघाला नाही. डबा परत आला तेव्हा त्यात गूळ होता.

कोरडे दिवस

येतात. महिनेच्या महिने येतात. वचन लाकडासारखं लागतं, जांभया येतात, मन बाजारात जातं. यावर माझ्याकडे युक्ती नाही. पट्टीवर बसून दाराकडे पाहणारं मूलच आठवते मी. ते आलेलं आहे हे महत्त्वाचं. अशा दिवसांत दहा मिनिटं करा, पण बसा. बेचाळिसावं घ्या, त्यात स्तोत्रकर्ता स्वतःच्याच जिवाला विचारतो की तू का खिन्न झाला आहेस. अठ्ठ्याऐंशीवं अंधारातच संपतं, शेवटपर्यंत उजाडत नाही, आणि तरी ते शास्त्रात आहे, देवाला उद्देशूनच म्हटलेलं आहे. तेही म्हणता येतं.

मधले दिवस चुकले तर भरून काढू नका. तीन दिवस उपाशी राहिलेलं माणूस चौथ्या दिवशी चार दिवसांचं जेवत नाही. जिथे होतात तिथून पुढे.

काही वचनांत रमता येत नाही, येऊही नये. एकशे सदतिसाव्याचा शेवट, लेकरांना खडकावर आपटण्याचा, मी गोड करून घेऊ शकलेले नाही. तिथे मी रडणाऱ्या माणसाशेजारी बसावं तशी बसते, आणि पाळकांना विचारते. न कळलेल्याची वेगळी यादी वहीच्या शेवटच्या पानावर आहे. काही प्रश्न पंधरा वर्षांचे आहेत.

रात्री

पहिल्या स्तोत्रात दिवसाबरोबर रात्रही आहे. दिवा मालवल्यावर, उशीवर डोकं टेकल्यावर, वचन एकदा हळू म्हणा. पूर्ण होण्याआधी झोप लागली तर लागू द्या. यजमानांना आता बरं आहे. ते भिंतीकडे तोंड करून झोपतात आणि त्यांना वाटतं मला माहीत नाही, पण मी थांबले की पुढचे शब्द तेच पुटपुटतात.

ती सून परवा सभेला भेटली. तेविसावं घेऊन तिला पाच आठवडे झाले आणि ती अजून दुसऱ्या वचनावर आहे, हे ती अपराध्यासारखी सांगत होती. तिची सासू मेंढ्यांच्या लोकरीची घोंगडी विकणाऱ्यांना ओळखते म्हणे, त्यांच्याकडे त्याच वचनातल्या संथ पाण्याबद्दल विचारायला जायचं आहे: मेंढी वाहतं पाणी पिते की नाही. मी म्हटलं, जाशील तेव्हा मलाही ने.